उस्तादाचा हुनर खरा, पण कागद कुठे?

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. डावा हात कोपरापर्यंत पट्टीत. सायझिंगच्या बॉयलरच्या नळ्या बदलताना भाजला होता. चार वर्षे एकाच वर्कशॉपात काम, पण मालक म्हणाला, "हा माझ्याकडे कामाला नव्हताच." हजेरी नाही, करार नाही, पगाराची पावती नाही. पोरगा खोटा ठरला.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. त्या मुलाला मीच दहावीपर्यंत शिकवले, म्हणून हा राग आधी माझ्यावर आहे.

आपल्या समाजाला हुनराची कमी नाही. पत्रा वळवणारे, नळ्या बसवणारे, वेल्डिंग करणारे हात गल्लीगल्लीत आहेत. पण आपला उस्ताद काम शिकवतो, दाखला देत नाही. बॉयलरच्या दाबाखालच्या भागांवर वेल्डिंग करायला 1950 च्या भारतीय बॉयलर नियमांप्रमाणे परीक्षा पास झालेला वेल्डर लागतो. हात कितीही चांगला असो, दाखल्याशिवाय तो जन्मभर हेल्परच.

हे अडाण्याचे काम आहे, असे म्हणणाऱ्यांना एक हिशेब घालतो. आतला व्यास 1,000 मिमी आणि पत्रा 10 मिमी जाड असेल, तर गोल वळवायला पत्रा किती लांब कापाल? 3,142 मिमी म्हणाल तर पत्रा वाया गेला. हिशेब जाडीच्या मध्यावर धरायचा, म्हणून 3,173. आमच्या सत्काराच्या मंचावर बसणाऱ्या किती जणांना हे येईल?

शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 पासून आहे. आज 30 किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. लेखी करार होतो, विद्यावेतन मिळते, आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. माझ्या विद्यार्थ्याकडे तो करार असता, तर त्याला कोण नाकारणार होते?

काही जण म्हणतात, कारखाने शिकाऊ पोरांना झाडू मारायला आणि चहा आणायला लावतात. काही ठिकाणी हे खरे आहे. पण करार हातात असेल तर तक्रार करता येते. वर्कशॉपातल्या बेनाम पोराने कुठे जायचे?

दुसरे विचारतात, "आमच्या मुलांनी हातच काळे करायचे का?" भाऊ, हात काळे झालेलेच आहेत. ज्याला डॉक्टर व्हायचे त्याने जरूर व्हावे. पण बी.ए., बी.एड. करून वर्षानुवर्षे नोकरीची वाट पाहणारे माझे सोबती मी पाहिलेत. त्यांना आपण शिकलेले म्हणतो आणि बॉयलर उभा करणाऱ्याला म्हणतो, "शिकला नाही."

आता माझी चूक. वर्गात मी 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहून घेत राहिलो. कराराचा मराठी मजकूर कसा वाचायचा, आयटीआयचा अर्ज कसा भरायचा, हे कधी शिकवले नाही. या जूनपासून शिकवणार आहे.

आणि मशिदीच्या जबाबदार मंडळींना एक विनंती: फलकावर नमाजच्या वेळांशेजारी आयटीआय प्रवेशाची शेवटची तारीखही लिहा. शुक्रवारी सगळा मोहल्ला तो फलक वाचतो.