वेगाची व्याख्या आणि वेगाचे भान

सातवी-आठवीच्या सुमारास विज्ञानाच्या पुस्तकात चाल, वेग, त्वरण आणि बल हे शब्द येतात. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो, दोन गुण मिळवितो आणि विसरतो. वस्तुतः घाटातून जाणारी एस. टी. हीच या विषयाची खरी प्रयोगशाळा होय. वळणावर काटा ताशी ४० किलोमीटरवर स्थिर असला, तरी दिशा बदलते. म्हणून चाल तीच राहूनही वेग बदलतो. वेग बदलतो म्हणून त्वरण आहे, आणि त्यासाठी लागणारे बल रस्त्याच्या घर्षणातून मिळते.

बोलभाषेत चाल व वेग यांत भेद नाही; पहिला गोंधळ तेथला. दुसरा अधिक जुना आहे. बैल थांबले की गाडी थांबते, तेव्हा गतीसाठी बल हवेच, असे मुलाला वाटते. ॲरिस्टॉटललाही तसेच वाटत होते. बल लागते ते गतीला नव्हे, गतीतील बदलाला, हा नियम न्यूटनने १६८७ मध्ये मांडला. शतकानुशतके टिकलेला समज एका तासिकेत कसा पुसला जावा?

प्रश्न केवळ गुणांचा नाही. ब्रेकचे बल तेवढेच असता चाल दुप्पट झाली, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. उद्या मोटारसायकल चालविणाऱ्या मुलाला हे उमजलेले असणे, ही जिवाची बाब आहे. म्हणून अनुभव आधी यावा, व्याख्या मागाहून. प्रश्नपत्रिकेने ‘व्याख्या लिहा’ऐवजी ‘असे का होते?’ असे विचारले, तर वर्गातील अध्यापनही आपोआप बदलेल.