विश्लेषण : जैसलमेरची वाळू, भिवंडीचे वरकस… ‘पडीक’ जमीन खरोखर निरुपयोगी असते?

भिवंडीत वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर जैसलमेरमध्ये जेमतेम दोनशे. एकीकडे खडकावरचा मुरूम, दुसरीकडे वाळू. तरीही दोन्हीकडच्या गवताळ जमिनींवर एकच शिक्का बसतो : पडीक. हा शिक्का मातीच्या गुणांवरून नव्हे, तर तिथे नांगर चालतो की नाही यावरून बसतो. गोदामांनी वेढलेल्या भिवंडी तालुक्यात ही चूक महागात पडू शकते.

वरकस म्हणजे कोणती जमीन?

कोकणातील शेतकरी खालच्या सपाट खाचरात भात लावतो. त्यावरच्या उताराची, माळाची हलकी जमीन म्हणजे वरकस. काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेली ही माती तांबूस, मुरमाड आणि अनेक ठिकाणी वीतभरही खोल नसते. नाचणी-वरीचे पीक अधूनमधून निघते, एरवी तिथे गवत वाढते. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणारे गवत-पाचोळा, गुरांची चराई, घराचे शाकारणे हे सारे वरकसाच्या जिवावर चालत आले. दसरा-दिवाळीनंतर कापलेले गवत मुंबईच्या तबेल्यांपर्यंत जात असे.

या गवतात पैसा किती होता, याची साक्ष इतिहासात आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगाव पट्ट्यात वारली मजुरांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये संप केला, तो गवतकापणीच्या मजुरीसाठी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा बळी गेला. ज्या गवतासाठी रक्त सांडले, ते पिकवणारी जमीन निरुपयोगी कशी?

एवढा पाऊस, तरी माळ कोरडा का?

पाऊस किती पडला यापेक्षा मातीने किती धरला, हे महत्त्वाचे. वरकसाची माती उथळ ताटलीसारखी असते. पहिल्या काही सरींतच ती भरते, उरलेले पाणी उतारावरून कामवारी, तानसा, उल्हास या नद्यांकडे धावते. पावसाळा संपला की पुढील आठ महिने नवे पाणी नाही आणि खाली खडक. त्यामुळे जानेवारीतच माळ पिवळा पडतो.

गवत नेमके या वेळापत्रकात बसते. मृगाच्या पावसात फुटायचे, ऑक्टोबरपर्यंत बी धरायचे आणि वाळून जायचे. त्याच्या तंतुमय मुळांची जाळी मातीला बांधून ठेवते, पात्यांमुळे पावसाचा मार थेट मातीवर बसत नाही. हे आच्छादन गेले, तर एका जोरदार पावसात वाहून गेलेली माती पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

वाळवंटातील वाळू वेगळी कशी?

थरच्या वाळूत सेंद्रिय कर्ब आणि नत्र फार कमी. कण जाड, पोकळ्या मोठ्या, त्यामुळे पाणी धरून ठेवण्याची ताकद अल्प. एवढे वाचून ही माती टाकाऊ वाटेल. पण जिथे पाऊसच थोडा, तिथे हाच दोष गुण ठरतो. चिकण मातीत थोडा पाऊस वरच्या थरातच अडकतो आणि उन्हाने उडून जातो. वाळू मात्र तोच पाऊस पटकन खाली ओढून घेते. मग वरचा थर सुकतो आणि झाकणासारखे काम करतो. खालचा ओलावा टिकून राहतो.

त्या ओलाव्यावर सेवण हे बहुवर्षायू गवत खोल मुळे सोडून तग धरते. राठी, थारपारकर गाई आणि मेंढ्या त्यावर जगतात, माळढोकही याच कुरणांत राहतो. जोधपूरमध्ये १९५९ पासून असलेली ‘काझरी’ ही केंद्रीय संशोधन संस्था अशा कोरडवाहू जमिनींचा आणि कुरणांचा अभ्यास करते. मात्र या मातीची नाजूक बाजूही आहे. अतिचराई झाली किंवा ट्रॅक्टर फिरला, की मुळे उखडतात आणि वाळू वाऱ्यावर उडू लागते. इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्यासोबत नांगरणी आली, तेव्हा सेवणची कितीतरी कुरणे अशीच गेली.

दोघांचे दुखणे एकच कसे?

वाळवंटात माती वाऱ्याने जाते, भिवंडीत पाण्याने. दोन्हीकडे तिला धरून ठेवते ते गवतच. पण केंद्राच्या ‘वेस्टलँड्स अ‍ॅटलस’मध्ये वाळवंटी वाळू, झुडपी माळ आणि अवनत कुरणे एकाच ‘वेस्टलँड’ या शीर्षकाखाली येतात. एकदा ‘पडीक’ म्हटले, की तिथे काहीही उभारले तरी ती सुधारणाच वाटते. पश्चिम राजस्थानात सौर प्रकल्प, तर भिवंडीत गोदामे.

भिवंडीत आता घाई कशाची?

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याचे मुंबईकडील टोक भिवंडी तालुक्यातील आमणे येथे आहे. गोदामांची मागणी आता पडघ्याच्या बाजूच्या माळांवर आणखी वाढणार, हे उघड आहे. शिवाय सखल खाचरांत भराव टाकायला मुरूम लागतो आणि तो टेकड्या पोखरूनच येतो.

ज्याची खासगी वरकस जमीन आहे, त्याने गवताऐवजी गोदामाचे भाडे निवडले तर त्याला दोष देता येणार नाही. प्रश्न गुरचरणाचा आहे, कारण ते गावाचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गुरांच्या मोफत चराईसाठी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीविना अन्य कामासाठी वापरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. पाठोपाठ १२ जुलै २०११ रोजी राज्य सरकारने गायरानांबाबत शासन निर्णय काढला. नियम आहेत. पण ज्या जमिनीला यंत्रणा आधीच निरुपयोगी समजते, तिच्यासाठी ते पाळण्याची निकड कुणाला वाटत नाही.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, सरकारी नोंदींत ‘पडीक’ आणि ‘कुरण’ वेगळे करावे. मातीची खोली, उतार आणि गवताच्या जाती पाहून हे गावपातळीवर ठरवता येते. मारवेल, पवन्या यांसारखी चांगली बहुवर्षायू गवते असलेले माळ आधी राखावेत. कुसळीच जास्त दिसू लागली, तर माळाची तब्येत बिघडल्याचे समजावे.

दुसरे, बी पडेपर्यंत पावसाळ्यात चराईबंदी ठेवावी, गवत कापून गोठ्यात न्यावे आणि उन्हाळ्यात वणवे रोखावेत. यासाठी मोठा निधी लागत नाही, ग्रामसभेचा ठराव आणि त्याची अंमलबजावणी लागते. तिसरे, ‘ओसाड’ माळ दिसला की खड्डे खणून झाडे लावण्याची सवय सोडावी. उथळ मुरमावर झाडे जगत नाहीत, गवत मात्र उखडले जाते.

गोदामाला पर्यायी जागा शोधता येते, उताराला पर्यायी माती मिळत नाही. त्यामुळे गुरचरणाच्या प्रत्येक प्रस्तावावर सही करण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाने एक प्रश्न विचारायलाच हवा : या जमिनीवर काय पिकत नाही, हे नव्हे, तर तिच्यावर आज काय उभे आहे आणि ते गेल्यावर माती कुठे जाईल?