उरलेल्या वांग्यांची पाटी

मार्च लागला की नांदेडला आमची शाळा सकाळची होते. गेल्या वर्षी त्याच दिवसांत आमच्या सहावीच्या वर्गातली एक मुलगी आठवड्यातून तीन-तीन दिवस गैरहजर राहू लागली. हुशार मुलगी. मजमून लिहायला दिला तर दोन पाने भरून आणणारी. कारण विचारले की मान खाली. शेवटी एका दुपारी आम्ही तिच्या घरी गेलो.

तिची अम्मी इतवारा भागात हातगाडीवर भाजी विकते. पहाटे ठोक बाजारातून माल आणायचा आणि रात्रीपर्यंत विकायचा. हिवाळ्यात उरलेला माल दुसऱ्या दिवशीही खपतो. एप्रिलमध्ये मात्र पत्र्याच्या खोलीत ठेवलेली वांगी एका रात्रीत सुरकुततात, भेंडी काळी पडते. म्हणून उरलेल्या मालाची पाटी डोक्यावर घेऊन मुलगी सकाळी सहाला गल्लोगल्ली फिरायची. ऊन चढायच्या आत, मिळेल त्या भावात. नेमकी तीच शाळेची वेळ. "बाजी, दोनशेचा माल फेकला तर दुसऱ्या दिवशी आणायचा कशातून?" तिच्या अम्मीने विचारले. आम्ही समजावायला गेलो होतो. चहा पिऊन परत आलो.

भाजी टिकवणे हा आपल्या घरांत फ्रिजचा विषय झाला आहे. फ्रिज आहे ना, मग कोंबा त्यात. ज्या घरी फ्रिज नाही, किंवा आहे पण दुपारी लाइट नाही, त्या घरचे काय, हा प्रश्न आम्हालाही त्या दिवशीच पडला, हे कबूल केले पाहिजे.

फळे-भाज्या तोडल्यावरही जिवंत असतात. त्या श्वास घेतात, आपल्यातले पाणी बाहेर टाकतात. ऊन जितके जास्त, तितका हा श्वास जलद. साधारण दहा अंश तापमान वाढले की त्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे जानेवारीत चार दिवस चालणारी मेथी मे महिन्यात दीड दिवसात का माना टाकते, ते समजायला विज्ञानाचे पुस्तक उघडावे लागत नाही. भाजी टिकवायची म्हणजे तिचा श्वास मंद करायचा आणि तिच्या अंगातले पाणी जाऊ द्यायचे नाही. बाकी साऱ्या युक्त्या याच दोन गोष्टींच्या आहेत.

आणि एक तिसरी गोष्ट, जी आम्हाला केळ्यांनी शिकवली. काही वर्षांपूर्वी रमजान ऐन मे महिन्यात आला होता. अर्धापूर आपल्याला जवळ, केळी स्वस्त. इफ्तारसाठी दोन डझन आणली आणि शहाणपणा करून फ्रिजमध्ये, काकड्यांच्या शेजारी ठेवली. दोन दिवसांत केळ्यांच्या साली काळ्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकड्या पिवळ्या. केळ्याला तेरा अंशांच्या खालचा गारवा सोसत नाही, त्याने साल काळवंडते. शिवाय पिकणारे केळे इथिलीन नावाचा वायू सोडते. हाच वायू शेजारच्या काकडीला, पालेभाजीला, गाजराला लवकर म्हातारे करतो. आंबा, पपई, सफरचंद आणि टोमॅटोही तो सोडतात. अर्धापूरची हिरवी कापलेली केळी रायपनिंग चेंबरमध्ये पिकवतात ती याच वायूवर, आणि त्याला कायद्याची परवानगी आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीला. तर पिकणारी फळे एका टोपलीत आणि हिरवी भाजी दुसरीकडे, एवढी एक सवय लावली तरी आठवड्याची बरीच नासाडी थांबते. कच्चा आंबा पिकवायची घाई असेल तर मात्र त्याच्या शेजारी एक पिकलेले केळे खुशाल ठेवावे.

पालेभाजीबद्दल आमची सासरची पद्धत चुकीची होती. बाजारातून आणली की लगेच धुवायची आणि ओलीच पिशवीत बांधून ठेवायची. पिशवीतले ते पाणीच तिला सडवते. मेथी, शेपू, कोथिंबीर निवडून, न धुता, जुन्या सुती ओढणीत सैल गुंडाळावी आणि करायच्या वेळी धुवावी. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, छपाईची शाई पानांना लागते. हिरव्या मिरचीची देठे काढून ठेवली की ती जास्त दिवस राहते. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत. बटाटा अंधारात ठेवावा, उजेडात तो हिरवा आणि कडू होतो, आणि तसा हिरवा झालेला बटाटा खाण्याजोगा नसतो. फ्रिजमध्ये त्याची गोडी वाढते, तळताना काळा पडतो. आमच्या अम्मी हे सगळे कारण माहीत नसताना करत. वर गवार, भेंडी आणि वांग्याच्या उसऱ्या गच्चीवर वाळवून डब्यात भरत, ते वेगळेच.

पण हातगाडीवालीच्या वांग्यांना यातले काहीच उपयोगी नव्हते. तिला हवा होता गारवा, विजेशिवाय.

इथे आम्हाला नायजेरियाचे एक मुदर्रिस आठवले. मोहम्मद बाह अब्बा. देशाच्या उत्तरेतल्या जिगावा भागातले, घराणे कुंभारांचे, पेशा शिकवण्याचा. त्यांच्या गावांत वीज नव्हती आणि मुली रोज उरलेली भाजी विकायला बाजारात जात, म्हणून शाळेत येत नसत. हे वाचताना आम्हाला जिगावा दिसले नाही, इतवारा दिसला. अब्बा यांनी मोठ्या माठात छोटा माठ ठेवला, मधल्या फटीत वाळू भरली, वाळू ओली ठेवली आणि वर ओले फडके टाकले. बाहेरच्या माठातून पाणी झिरपून उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. आपला पाण्याचा माठ याच न्यायाने गार होतो. त्यांच्या चाचण्यांत एरवी तीन दिवस राहणारी वांगी 27 दिवस राहिली. 2000 साली त्यांना या कामासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. 2010 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. आपल्याकडे दिल्लीच्या पूसा कृषी संशोधन संस्थेनेही 1980 च्या दशकात याच तत्त्वावर विटांच्या दुहेरी भिंतीची शीतपेटी तयार केली. भिंतींमध्ये तीन इंच ओली वाळू, आत सुमारे शंभर किलो माल. ती शेतकऱ्यांसाठी. आम्हाला दोन माठ पुरे होते.

कुंभारवाड्यातून दोन माठ आणले. रंग दिलेले घेऊ नका, रंगाने भोके बुजतात आणि माठ झिरपत नाही. आम्ही आधी तोच घेतला होता. मुलांनी नदीकाठची वाळू धुऊन भरली. आत पाच किलो वांगी, वर गोणपाट. माठ वर्गात ठेवला तर दोन दिवस काही गारवा येईना. मग शिपाईमामांनी तो उचलून व्हरांड्यात, जिथे वारा लागतो तिथे ठेवला. वारा नसेल तर पाणी उडणार कसे, हे वर्गात शिकवणाऱ्याला शिपाईमामांनी शिकवले. सावली आणि वारा, दोन्ही हवेत. आमची वांगी नवव्या दिवशीही घट्ट होती. सत्तावीसपर्यंत पोहोचलो नाही, तेवढा दम मुलांना नव्हता, दहाव्या दिवशी त्यांचे भरीत झाले. कोथिंबीर मात्र तिसऱ्या दिवशी चिकट झाली, कारण आम्ही ती ओलीच टाकली होती.

लातूरला बहिणीकडे ही हकीकत सांगितली तर ती हसली नाही. "रोज दोन-तीन लिटर पाणी वाळूला?" तिने विचारले. लातूरच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. बहिणीच्या घरी तेव्हा तांदूळ धुतलेले पाणी भाजी धुवायला, भाजी धुतलेले भांड्यांना आणि भांड्यांचे संडासात, असा क्रम होता. आता तिनेच उपाय सांगितला: वाळूला भाजी धुतलेलेच पाणी घाल, फक्त तांदळाचे घालू नको, वास मारेल. गंजगोलाईतून आणलेली तिची भाजी आता तशाच माठात असते. फ्रिज आहे, पण तो मटण आणि दुधासाठी, असे ती म्हणते.

शाळेतले माठ आम्ही त्या मुलीच्या घरी नेऊन दिले. तिच्या अम्मीने आधी नाक मुरडले, मग आणखी दोन जोड्या स्वतः आणल्या. पालेभाजी ती त्यात ठेवत नाही, ती मुळांसकट ओल्या बारदानात उभी करते, आणि ते तिचे बरोबर आहे. वांगी, टोमॅटो, दोडके, मिरची माठात. टोमॅटो वेगळ्या माठात, हे मुलीने सांगितले. इथिलीनचा धडा तिने वर्गात ऐकला होता. एप्रिलमध्ये पाटी पूर्ण बंद झाली नाही, लग्नसराईत माल फार उरायचा तेव्हा दोन-तीनदा निघालीच. पण ती मुलगी त्या महिन्यात मोजून चार दिवस गैरहजर होती.

जुलैत पाऊस लागला आणि माठ निकामी झाले. हवाच ओली, तर पाणी उडेल कुठे? एका माठात बुरशीही धरली. तिच्या अम्मीने वाळू काढून सगळे माठ उन्हाच्या उघडिपीत वाळवले आणि आता त्यांत लसूण भरून ठेवला आहे. मार्चमध्ये वाळू परत भरायची, नवी, असे तिने आम्हाला बजावले आहे. आणि यंदा वाळू धुवायला शाळेची पोरे पाठवा, असेही.