उरलेल्या ९८ टक्क्यांचं काय?

कंपन्यांचे वार्षिक अहवाल चाळायची मला जुनी खोड आहे. जमाखर्चाची पानं रुक्ष, पण मधली आठ-दहा पानं हमखास हिरवीगार. त्यात हातात झारी घेऊन रोपाला पाणी घालणारे संचालक आणि मागे टाळ्या वाजवणारे कर्मचारी. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. २०२२-२३पासून शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरणाचा तपशीलही द्यावा लागतो. चांगलंच आहे. फक्त त्या दोन टक्क्यांचं काय झालं हे फोटोसकट कळतं. उरलेले ९८ कशातून आले, याची चौकशी फारसं कोणी करत नाही.

जळगावचे ठिबक सिंचनवाले उद्योजक भवरलाल जैन यांच्याबद्दल बोलायचं ते यासाठी. जळगावकरांचे ‘मोठे भाऊ’. त्यांचा पैसा गुंतला तो याच ९८ टक्क्यांत, म्हणजे मूळ धंद्यातच.

जन्म १९३७चा, जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा. शिक्षण वाणिज्य आणि कायद्याचं. सरकारी अधिकारी होण्याची संधी सोडून हा माणूस १९६३ साली घरच्या सात हजारांच्या भांडवलावर रॉकेल विकायला लागला. म्हणजे सुरुवात काही हिरवी नव्हती. मग ट्रॅक्टर, खतं, बियाणं, पाइप अशा एजन्सी आल्या. शेतकऱ्याला काय लागतं आणि त्याच्या खिशाला काय परवडतं, हे दुकानाच्या गल्ल्यावर बसून कळलं. १९७८मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा एक बंद कारखाना घेतला आणि तिथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन हे विकर बनवायला सुरुवात केली. १९८०मध्ये पीव्हीसी पाइप आले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात ठिबक.

ठिबक तेव्हा नवलाईचं होतं. पाटाने रान भिजवणाऱ्याला वाटायचं, थेंबाथेंबाने कुठे केळी पिकते का? शिवाय नळी अंथरून दिली की काम संपलं, असंही नसतं. विहिरीच्या पाण्यात गाळ असेल तर फिल्टर रोज धुवावा लागतो. क्षार साठून ड्रिपरचं तोंड चोंदतं, मग ॲसिड सोडून लॅटरल, म्हणजे ओळीतली नळी, साफ करावी लागते. पाण्यात खत ओढून घेणाऱ्या व्हेंचुरीतून विद्राव्य खत किती आणि कधी द्यायचं, हेही शिकावं लागतं. एका ओळीला पाणी पोचलं नाही की तिथले घड बारीक पडतात आणि शेतकरी सगळ्या ठिबकालाच शिव्या घालतो. म्हणून त्यांच्या कंपनीने नळीच्या जोडीला शेतीतज्ज्ञ बांधावर पाठवले, जळगावजवळच्या उजाड टेकड्यांवर स्वतः पाणी अडवून प्रात्यक्षिकाचं शेत उभं केलं, ग्रँड नैन केळीची टिश्यू कल्चर रोपं दिली. या रोपांचा घड साधारण वर्षभरात हाती येतो. पांढऱ्या कांद्याची करारशेती करून मालही विकत घेतला. शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे जास्त पडले तरच तो पुढच्या हंगामात नळी घेणार, असा हा रोकडा हिशेब होता. त्यात दानधर्माचा भाग नव्हता, आणि म्हणूनच तो टिकला.

हे सगळं सरळ रेषेत झालं नाही. नव्वदच्या दशकात कंपनी वित्त, ग्रॅनाइट, संगणक असल्या धंद्यांत शिरली आणि चांगलीच पोळली. भवरलालजींनी भागधारकांची जाहीर माफी मागितली, ते धंदे आवरले आणि पुन्हा शेतीवर आले. पुढे इस्रायलची नानदान, अमेरिकेतली चॅपिन अशा ठिबकवाल्या कंपन्या त्यांच्या समूहाने घेतल्या. २००८ साली पद्मश्री मिळाली. २०१६मध्ये ते गेले.

त्यानंतरचा भाग आरती ओवाळणाऱ्या लेखांत सहसा येत नाही. कर्जाच्या बोज्याने २०१९मध्ये कंपनीचे हप्ते थकले, पुढे परदेशातला सिंचनाचा व्यवसाय रिव्हुलिस कंपनीत विलीन करावा लागला. एक दुखणं तर जुनंच होतं. ठिबक अनुदानावर चालायचं, आणि सरकारकडून अनुदान यायला वर्ष-वर्ष लागायचं. माल शेतात, पैसे मंत्रालयात आणि व्याज कंपनीच्या माथी. टिकाऊ विकासाची भाषणं करणाऱ्या सरकारांनी बिलं वेळेवर चुकती केली असती, तरी बरंच काही टिकलं असतं.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. ठिबकाने एकरी पाणी वाचतं, यात वाद नाही. पण वाचलेलं पाणी विहिरीतच राहतं का? बहुतेकदा नाही. त्यावर आणखी दोन एकर केळी लागते, आणखी एक बोअर पडते. रावेर-यावल हा केळीचा बालेकिल्ला, घरोघरी ठिबक. आणि भूजलाच्या अतिउपशाच्या यादीतही हेच तालुके आलेले. नळीने आपलं काम चोख केलं, पण एकूण उपसा किती व्हावा, हे ठरवणं नळीचं काम नव्हे.

चांगला उद्योजक पाणी वाचवायचं साधन देऊ शकतो, त्यातून स्वतः कमवू शकतो आणि शेतकऱ्यालाही कमवून देऊ शकतो. भवरलालजींनी ते करून दाखवलं. पाणी उपसण्यावर मर्यादा घालणं मात्र कुठल्याही कंपनीच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी महाराष्ट्राने २००९चा भूजल कायदा केलेला आहे. आता सरकारने तो कागदावरून शिवारात आणावा आणि गावाने आपल्या बोअर मोजायला सुरुवात करावी.