कलपाच्या पाकिटावर न छापलेला इशारा

मा. भारतीय औषध महानियंत्रक यांस,


केसांच्या कलपावर कोणता इशारा छापायचा हे नियमाने ठरलेले आहे. आधी त्वचेवर थोडा लावून पाहा, पापण्या-भुवयांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते, हे इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत द्यावेच लागते. कलप पोटात गेला तर काय करायचे, याबद्दल मात्र त्या इशाऱ्यात चकार शब्द नाही. अनेक काळ्या कलपांत पॅराफेनिलीनडायमीन असते. त्याने खाज सुटते, पुरळ उठते, पापण्या सुजतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. अशा वेळी कलप भरपूर पाण्याने धुवायचा आणि पुन्हा लावायचा नाही. गिळल्यावर गोष्ट वेगळी. काही तासांत चेहरा, जीभ आणि गळा सुजून श्वास कोंडतो, कधी गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागते. त्यातून निभावले तरी स्नायूंचे विघटन होऊन लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. यावर नेमका उतारा नाही, म्हणून वेळेत पोहोचणे हेच मोठे औषध. आणि नेमका तोच वेळ मीठ-पाणी पाजून उलटी काढण्यात, किंवा ‘आता तर बरा दिसतोय’ म्हणून घरीच थांबण्यात जातो.

‘फक्त बाह्य वापरासाठी’ एवढे पुरे, असे उत्पादक म्हणतील. पण ती ओळ गिळण्याआधीची सूचना आहे, नंतरची नव्हे. लहान पाकिटावर जागा नसेल तर आतल्या चिठ्ठीवर सविस्तर छापा, बाहेर दोनच ओळी द्या. दुसरा आक्षेप गंभीर आहे: अशा मजकुराने जीव देण्याचा मार्ग सुचेल. आपल्याकडे कलप जाणूनबुजून गिळल्याच्या घटना बऱ्याच असल्याने तो झटकून टाकता येत नाही. मात्र इशाऱ्यात मृत्यूचा उल्लेख लागतच नाही. गिळणारा बहुधा बोलत नाही. रिकामे पाकीट सापडते घरच्यांना, आणि मजकूर हवा तो त्यांच्यासाठी. उलटी काढू नका, लक्षणांची वाट पाहू नका, पाकीट सोबत घेऊन लगेच मोठे रुग्णालय गाठा, एवढेच. खाली दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक द्यावा. ते चोवीस तास चालते.

सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० मध्ये एवढी भर घालावी, आणि अक्षरे भिंगाशिवाय वाचता येतील इतकी तरी मोठी ठेवावीत.

आपला,
एक ग्राहक