आलेल्यांना बोलणी

बोरी अरबला आमची उपासना एका घराच्या पुढच्या खोलीत होते. घंटा नाही, बाक नाहीत. भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात ढोलकी आणि धान्याची दोन पोती. मी यवतमाळहून मोटारसायकलने येतो. पावसाळ्यात अडाण नदीच्या पुलावरून पाणी गेलं की रस्ता बंद, आणि त्या रविवारचं फोनवरच्या प्रार्थनेवर भागवावं लागतं.

मागच्या हंगामात, कापूसवेचणी ऐन भरात असताना, एका रविवारी नऊच जण आले. एरवी वीस-बावीस असतात. मी आठवडाभर तयारी करून गेलो होतो, त्यामुळे डोकं फिरलं. उपदेश राहिला बाजूला आणि पंधरा मिनिटं मी गैरहजेरीवरच बोललो. प्रभूचा दिवस, आळस, जगाची ओढ, सगळं काढलं. उपासना संपली. दाराशी चपला घालता घालता एक आजी म्हणाल्या, "पाळकसाहेब, जे आले नाई त्यायले बोला ना. आमी तं आलो, आमालेच काऊन बोलता?"

मला उत्तर सुचलं नाही. पाळकांची ही जुनीच खोड आहे म्हणा. न आलेल्यांचा राग आलेल्यांवर काढायचा. ते बिचारे मान खाली घालून ऐकून घेतात.

त्याच दुपारी शेताकडे गेलो. न आलेल्यांतल्या तिघी एकाच धुऱ्यावर सापडल्या, कमरेला झोळ्या बांधून. मला पाहून एकीने पदर सावरला, चोरी पकडल्यासारखी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बोंडं फुटली की मालकाला घाई, कारण वर आभाळ असतं. कापसाला रविवार कळत नाही. मी काही बोललो नाही. काट्याची वेळ झाली होती, तर गाठोडं अडकवायला हात लावला. नंतर ती मला म्हणाली, "साहेब, सांजच्याले ठेवा ना."

तेव्हापासून हंगामात उपासना रात्री साडेसातला असते. काही जणी भिंतीला टेकून डुलक्या घेतात. मी उपदेश बारा मिनिटांवर आणलाय. बायबल कॉलेजात उपदेशाचे तीन मुद्दे कसे काढायचे ते शिकवलं होतं; दिवसभर वेचणी केलेल्या बाईसमोर दुसऱ्या मुद्द्यापर्यंत कसं पोचायचं, ते काही शिकवलं नव्हतं.

आमच्या यवतमाळला धर्मशिक्षणाची परंपरा आहे, बरं का. फ्री मेथडिस्ट मिशनचं काम इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं. १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी याच गावात उभी राहिली, देशभरातून मुलं शिकायला यायची. १९८३ साली ती पुण्याला गेली. कापूस जातो तशी माणसंही इथून बाहेरच जातात, आणि संस्थाही.

ढोलकी वाजवणारा आमचा पोरगाही गेला, चाकणच्या कारखान्यात. तिथे तो मोठ्या चर्चला जातो. कीबोर्ड, ड्रम, पडद्यावर हिंदी गाण्यांचे शब्द. सुट्टीत आला की म्हणतो, "आपलं जुनं वाटतं." मला गंमत वाटते. ज्याला तो जुनं म्हणतो, ते टाळ-मृदंग, अभंग आणि कीर्तन उपासनेत रुजवण्यासाठी ना. वा. टिळकांनी आयुष्य वेचलं आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्या काळी तेच नवं होतं. पोराला मी एवढंच म्हणालो, की आलायस तर ढोलकीला हात लाव, वादी सैल झालीय. त्याने ती ताणून दिली आणि दोन गाणी वाजवलीही.

मोबाईलवर तर रोज मोठमोठे उपदेशक येतात. ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतात, हे मी मान्य करून टाकलंय. पण खोलीत पोत्याला टेकून बसणारा माणूस दोन रविवार दिसला नाही, की त्याचं पोतं मला दिसतं. मोठ्या मंडळीत गैरहजेरीचा आकडा असतो, इथे तिला नाव असतं. मग सोमवारी फोन, नाही उचलला तर गाडीला किक. माझं निम्मं काम हेच आहे, आणि खरं सांगायचं तर उपदेशापेक्षा मला ते बरं जमतं.

वार्षिक अहवालात 'सभासद संख्या' असा रकाना असतो. तो भरताना पेन अडतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या; पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती नाहीत. त्यामुळे दर रविवारी येणारा, प्रार्थनेत रडणारा माणूस वहीत नाव लावू का विचारलं की गप्प होतो. त्याच्या पोरीची स्कॉलरशिप मला दिसत असते. मी आता विचारतच नाही. रकान्यात आकडा लहान पडतो, वरून विचारणा होते, मी 'काम चालू आहे' असं लिहितो.

कापणीच्या सणाला, लोक त्याला हार्वेस्टच म्हणतात, घरचं काहीतरी आणून अर्पण करायचं आणि मग लिलाव. यंदा अंडी, तुरीच्या शेंगा, एक कोंबडी आणि त्या आजींचं भलंमोठं कोहळं. कोहळं नव्वदला गेलं. घेणाऱ्याने पैसे देऊन ते परत अर्पण केलं. दुसऱ्यांदा एकशे दहाला गेलं, पुन्हा परत आलं. तिसऱ्यांदा बोली लावायला कोणाच्या खिशात काही उरलं नव्हतं. "द्या पाळकसाहेबाले," आजी म्हणाल्या. सुतळीने ते मागच्या सीटवर बांधलं. अडाणच्या पुलावर एक हात मागे धरून मी गाडी चालवली.

दोघांना एवढं कोहळं संपणार कधी? बायकोने भाजी केली आणि पुढच्या रविवारी दोन डब्यांतून ती बोरीला परत आली. सोळा जण होते. आजींनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय."