तंबूतले दगड आणि वणीचा कोळसा

१२ नोव्हेंबर १९१२. अंटार्क्टिकात शोधपथकाला बर्फाखाली गाडला गेलेला एक तंबू सापडला. आत कॅप्टन रॉबर्ट स्कॉट, डॉ. एडवर्ड विल्सन आणि हेन्री बॉवर्स यांचे मृतदेह होते. दक्षिण ध्रुवावरून परतताना उपासमार आणि थंडी यांनी त्यांचा घास घेतला होता. पथकाने रोजनिशा आणि पत्रे गोळा केली. सामानात सुमारे १६ किलो दगडही निघाले.

पाय उचलत नव्हते, पोटात अन्न नव्हते, तरी हे ओझे त्यांनी टाकले नाही. बिअर्डमोर हिमनदीच्या काठी फेब्रुवारीत वेचलेल्या त्या दगडांवर पानांचे ठसे होते: जिभेसारखी लांबट पाने, मधोमध ठळक शीर. केंब्रिजचे आल्बर्ट सीवर्ड यांनी १९१४ मध्ये त्यांची ओळख पटवली. ग्लॉसोप्टेरिस इंडिका! नावातच भारत आहे.

पांढरकवड्याच्या वाचकाला हे पान परके वाटू नये. याच यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुन्या, ग्लॉसोप्टेरिसच्या जंगलांतून तयार झाला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच कामठी परिसरातून अशी जीवाश्म पाने जमवली होती. ती जंगले उभी होती तेव्हा विदर्भ आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडाचे भाग होते. गोंडांच्या प्रदेशावरून त्या भूखंडाला गोंडवन म्हणतात, आणि पांढरकवड्याच्या केळापूर तालुक्यात आजही गोंडांची वस्ती आहे. बर्फाच्या खंडावर कधीकाळी जंगल होते आणि ते आपल्या भूमीशी जोडलेले होते, याचा मोलाचा पुरावा त्या १६ किलोंत होता.

ते दगड लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये जपलेले आहेत. वणीचा कोळसा मात्र जळून जातो आणि त्यावरचा खडक उपसून ढिगाऱ्यावर टाकला जातो. कोळसा काढू नये, असे कोणी म्हणणार नाही. पण खडक फोडताना पानाचा ठसा दिसला, तर तो बाजूला काढून ठेवायला किती खर्च येतो? गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान झाले. यवतमाळ जिल्ह्यालाही निदान एक दालन हवे. वणीत किंवा पांढरकवड्यात, शाळेतली पोरे एसटीने सहज पोचतील अशा ठिकाणी.

खाण व्यवस्थापन, जिल्हा प्रशासन आणि महाविद्यालयांचे भूगर्भशास्त्र विभाग यांनी एकत्र बसून हे काम हाती घ्यावे. आणि खाणीवर राबणाऱ्यांनो, दगडावर पान दिसले तर तो फेकू नका.